वाड्यांचे फोटो छान आले, पण आत माणसं राहतात

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या वाड्यांवर पानभर लेख आला, नक्षीचे खांब, सज्जे, चौकातली तुळस वगैरे सगळं सुरेख छापलंय, फक्त या वाड्यांत आज कोण राहतं आणि कसं राहतं त्याबद्दल एक ओळ नाही. मी तिथेच राहते, भाड्यानं, लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणून लिहितेय.

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली तिचंच पुढे लश्कर शहर झालं हे तुमच्या लेखात आहे. सरदारांचे वाडे झाले, त्यांच्या मागे गोठी म्हणजे त्यांच्या माणसांच्या वस्त्या झाल्या, निंबाळकरांची गोठ, चिटणीसांची गोठ. मग सरदारी गेली आणि एकेका वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं आली, कारकून, मास्तर, पुजारी, दुकानात कामाला जाणारे. आता त्यांची तिसरी-चौथी पिढी त्याच दोन खोल्यांत आहे.

आमच्याकडे छप्पर म्हणजे लाकडी तुळया, त्यावर दगडी पटिया म्हणजे लांब फरश्या, त्यावर माती-चुन्याचा जाड थर. बांधणाऱ्यानं भक्कमच बांधलं होतं, पण नंतर जिथे गळालं तिथे प्रत्येकानं सिमेंट फासलं आणि ओल आतल्या आत अडकली, तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं ते बाहेरून दिसत नाही आणि पटिया काही सांगून तडकत नाही. पावसाळ्यात आम्ही पलंग सरकवत राहतो. भिंतीत पिंपळ उगवलाय, तो तोडायचा नाही म्हणून सासूबाई अडून बसल्यात, तो वेगळाच विषय.

घरांची टंचाई म्हटलं की लोकांना वाटतं फुटपाथवरची माणसं. 2012 मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं शहरांत 1 कोटी 88 लाख घरं कमी आहेत असं सांगितलं, त्यात अजिबात घर नसलेली कुटुंबं 5 लाखांच्या आसपास, आणि जवळपास 1 कोटी 50 लाख अशी की डोक्यावर छप्पर आहे पण दाटी इतकी की घरातल्या जोडप्यालासुद्धा वेगळी खोली नाही. म्हणजे आम्हीच की! धाकट्या दिरांसाठी स्थळं येतात, मुलगा बघतात, नोकरी विचारतात, चहा होतो, मग मुलीची आई हळूच विचारते की खोल्या किती, आणि सामायिक संडास खाली चौकात आहे हे कळलं की पत्रिका जुळत नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 11 लाख घरं रिकामी निघाली होती हे वाचून तर डोकंच फिरतं.

लोक म्हणतात, मग जुन्या भाड्याला चिकटून का बसता. हो, भाडं आम्ही फार कमी देतो, त्यात मालकाचं साधं प्लास्टरही होणार नाही हे मला कळतं, मालक काही राक्षस नाहीत. पण जायचं कुठे? सरकारच्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःचं घर बांधायला पैसे मिळतात ते जमीन नावावर असेल तर. भाडेकरूच्या नावावर काय असतं, विजेचं बिल, तेही कधीकधी नाही. फ्लॅट मिळतात ते शहराबाहेरच्या मल्टीत म्हणजे बहुमजली इमारतींत, तिथून बाड्यावर, म्हणजे लश्करच्या मुख्य बाजारचौकात, दुकानात येण्या-जाण्यात पगाराचा किती भाग जाईल ते बघा, शिवाय म्हातारी माणसं.

आणि खरी भीती वेगळीच आहे. जून आला की महापालिकेची जर्जर भवनाची नोटीस लागते, घर खाली म्हणजे रिकामं करा. खाली केलं आणि वाडा पडला की आपण संपलो असं सगळे धरून चालतात, म्हणून कोणी हलत नाही. कायदा मात्र तसा नाही. आमच्या मध्य प्रदेशाच्या 1961 च्या भाडे कायद्यात दुरुस्तीसाठी किंवा नव्यानं बांधण्यासाठी मालकानं कोर्टातून जागा खाली करवली तर भाडेकरूला परत यायचंय का हे कोर्टानं विचारायचं असतं. महाराष्ट्रातल्या एका केसमध्ये 2014 ला सुप्रीम कोर्टानं असंही सांगितलंय की महापालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पण नोटिशीवर यातलं काही लिहिलेलं नसतं! तिथेच लिहून द्या ना, कोणाच्या किती खोल्या, किती फूट, आणि मधल्या काळात राहायचं कुठे. मुंबईत 1969 च्या कायद्यानं उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करायची आणि लोकांना संक्रमण शिबिरात ठेवायची सोय तरी झाली, मग तिथे लोक वर्षानुवर्षं अडकले हेही ऐकलंय, पण आमच्याकडे तेवढंही नाही. बाड्यावरच्या इमारतींना रात्री लाइटिंग छान दिसतं, मागच्या गल्लीत टेकूवर वाडे उभे आहेत.

हे हिंदी पेपरला न लिहिता तुम्हाला लिहिण्याचं कारण सांगते. या वाड्यांचे अर्धे वारस आता पुणे, नाशिक, ठाणे आणि अमेरिकेत आहेत आणि तुमचा पेपर वाचतात. एकेका वाड्याला वीस-वीस वारस, आजोबांच्या नंतर नामांतरण, म्हणजे कागदावर वारसांची नावं लावणं, झालेलंच नाही, त्यामुळे दुरुस्तीच्या अर्जावर सही कोण करणार इथेच सगळं अडतं. आमच्यातल्या काही बिऱ्हाडांची वर्गणी काढून तुळया बदलायची तयारी आहे, पण मालक म्हणून सही करायला कोणी नाही. वारसांनो, भाऊबंदकीचे दावे चालू द्या हवे तेवढे, पण पुढच्या पावसाळ्याच्या आत तुमच्यातल्या एकाच्या नावानं मुखत्यारपत्र तरी करून पाठवा.

आपली,
एक भाडेकरू (नाव छापू नये)
लश्कर, ग्वाल्हेर