नोटिशीचे पैसे कापा, पण रिलीव्हिंग लेटर अडवू नका

महोदय,

पगारवाढीची पत्रे हातात पडली की हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या कंपन्यांत राजीनामे सुरू होतात आणि पाठोपाठ नोटीस पीरियडची भांडणेही. जुन्या कंपनीची नोटीस 90 दिवसांची, तर नवी कंपनी 45 दिवसांत हजर व्हा म्हणते. उरलेल्या 45 दिवसांचे पैसे भरायला बहुतेकांची तयारी असते. वाद पेटतो तो किती भरायचे आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, कधी मिळणार यावरून.

समजा एकूण पगार (ग्रॉस) 80,000 आणि बेसिक 40,000 आहे. 45 दिवसांची वसुली बेसिकवर धरली तर 60,000 आणि ग्रॉसवर धरली तर 1,20,000. नेमणूकपत्रात मात्र ‘नोटिशीऐवजी पगार’ एवढेच मोघम छापलेले असते. कोणता पगार, शिल्लक रजा त्यातून वळती होणार का, लवकर सोडायचे की नाही हे फक्त कंपनी ठरवणार का, हे सही करण्यापूर्वी ई-मेलवर विचारून घ्यावे. सहीनंतर विचारून काही हाती लागत नाही.

दुसरा घोळ तारखेचा. 3 तारखेला साहेबांना तोंडी सांगितले, त्यांनी ‘थोडं थांब, बघू’ म्हटले आणि पोर्टलवर राजीनामा 12 तारखेला टाकला, तर ते 9 दिवस हिशेबात येत नाहीत. म्हणून त्याच दिवशी मॅनेजर आणि एचआर दोघांना ई-मेल करावा, शेवटचा दिवस तारखेसह लिहावा आणि प्रत स्वतःच्या खासगी ई-मेलवर ठेवावी. ऑफिसचा मेल शेवटच्या संध्याकाळी बंद होतो आणि पुरावाही त्यातच अडकतो. लॅपटॉप परत केल्याची पोचही सीरियल नंबरसह घ्यावी.

कायदा दोन्ही बाजूंनी नीट वाचायला हवा. कोणालाही जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही, नोकरीच्या कराराची तशी अंमलबजावणी स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 14 नुसार होत नाही. पण म्हणून बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास ठरलेली रक्कम भरण्याचा करार, ही रद्दी आहे, हा व्हॉट्सॲपवरचा सल्लाही चुकीचा आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी 2 लाखांच्या बाँडची अट वैध ठरवली. करार कायद्याच्या कलम 74 नुसार मालकाला वाजवी भरपाई मागता येते, करारातली रक्कम ही तिची कमाल मर्यादा.

नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तरीही हिशेबात 18 टक्के दिसले तर लेखी हरकत घ्यावी. ग्रॅच्युइटीतून नोटिशीची रक्कम कापता येत नाही. आणि वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यावर राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. मॅनेजरही त्यात आले. ‘फुल अँड फायनलला (अंतिम हिशेबाला) 45 दिवस लागतातच’ हे उत्तर आता चालू नये.

आमचा खरा आक्षेप मात्र रिलीव्हिंग लेटर अडवण्याला आहे. पैशांचा वाद हा पैशांचा वाद आहे, त्यासाठी वसुलीचा मार्ग कंपनीला मोकळा आहे. पण माणसाने अमुक तारखेपर्यंत इथे काम केले, ही वस्तुस्थिती लिहून द्यायला वसुली पूर्ण होण्याची गरज काय? पत्र नाही म्हणून नव्या ठिकाणची पडताळणी अडते, कधी हातातली ऑफर जाते आणि घाबरलेला माणूस न पटलेली रक्कमही भरून टाकतो. येणे बाकी असेल तर पत्रात तसे नमूद करा, पण पत्र शेवटच्या दिवशीच हातात द्या. राज्याच्या कामगार विभागाने एवढी एक सूचना काढली तरी निम्मे वाद मिटतील.

तोवर पीएफकडे लक्ष ठेवावे. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती पीएफच्या यूएएन (सभासद क्रमांक) पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. ही तारीख नव्या नोकरीच्या रुजू तारखेनंतरची पडली, तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखे दिसते आणि पडताळणीत तेच आधी विचारले जाते.

– वेतन व आस्थापना विभागांत काम करणारे काही वाचक, पुणे