ऐंशी चेन्तेझिमींचे चित्र

तोरिनो (इटली),
११ जून

तीर्थरूप आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी फोनवर एका चित्राविषयी सांगू लागले, तेव्हा आई, तू म्हणालीस, "फोटो पाठव की, लिहीत कशाला बसतेस?" फोटो पाठवता आला असता, पण फोनच्या पडद्यावर ते चित्र बोटभर होते आणि त्यातले पाणी तर दिसेनासेच होते. म्हणून संग्रहालयात मिळालेले छापील कार्ड या पाकिटात घातले आहे, आणि कार्डात जे उतरलेले नाही ते लिहीत आहे.

तोरिनोहून मिलानकडे जाणाऱ्या गाडीत बसले की तासाभरात व्हेर्चेल्ली लागते. मी मे महिन्यात गेले तेव्हा रुळांच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे पाण्याने काठोकाठ भरलेली होती आणि त्यांत आल्प्सचे बर्फाचे डोंगर उलटे पडले होते. भात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी पाऊस येतो. इथे मात्र हे सगळे पाटाचे पाणी. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, पो नदीचे पाणी कीव्हास्सो येथून उचलून ८० किलोमीटरहून अधिक लांबीचा एक कालवा या लोकांनी १८६३ ते १८६६ एवढ्या अवधीत पुरा केला आणि त्याला कावूर या इटलीच्या मुत्सद्द्याचे नाव दिले. इथे वसंतातल्या रात्री गार असतात, त्यामुळे खाचरातले पाणी हे कोवळ्या रोपाचे पांघरूणच असते.

या गावात अंतोनियो बोर्गोन्या नावाच्या एका वकिलाने जन्मभर जमवलेल्या कलावस्तूंचे संग्रहालय आहे. आंजेलो मोर्बेल्ली याचे १८९५ सालचे हे तैलचित्र तिथेच आहे. आकार म्हणाल तर लांबी सव्वा मीटरच्या आत-बाहेर आणि उंची ६९ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या माजघराच्या खिडकीत बसेल एवढे. पाणी भरलेल्या शेतात बायका कमरेत वाकून काम करीत आहेत, घागरे वर खोचलेले, पोटऱ्या पाण्यात, आणि ती वाकलेली रांग लांबवर गेली आहे. प्रत्येकीच्या घागऱ्याचा रंग खालच्या पाण्यात सांडला आहे. दुसरे काही घडत नाही. कोणी गात नाही, कोणी मान वर करून बघत नाही, लेकरू घेऊन कोणी बांधावर उभे नाही. चित्राचे नाव तेवढे बोलते: "ऐंशी चेन्तेझिमींसाठी!" चेन्तेझिमो म्हणजे लिरा या इटलीच्या जुन्या चलनाचा शंभरावा भाग, आपल्या पैशासारखा, तेव्हा दिवसभराची मजुरी पुरती एक लिरासुद्धा नाही. नावापुढचे उद्गारचिन्ह चित्रकारानेच घातले आहे. चित्रात त्याने कुठेही आवाज चढवलेला नाही; जे ओरडून सांगायचे ते त्या एका चिन्हात सांगून तो मोकळा झाला.

मी आधी अगदी जवळ गेले. जवळून पाहिले तर ना बाई दिसते ना पाणी. दिसतात ते निव्वळ रंगाचे बारीक धागे, हिरव्याशेजारी जांभळा, त्याच्या शेजारी पिवळा, एकमेकांत न कालवता नुसते जवळजवळ मांडलेले. आई, तुझ्या गोधडीची उलटी बाजू पाहावी, नुसते धावदोऱ्याचे टाके टाके, तसे वाटले. चार पावले मागे सरले आणि ते धागे डोळ्यांतच मिसळून त्यांचे पाणी झाले, त्यावर ऊनही आले. तेव्हाच्या इटलीतल्या काही चित्रकारांनी ही पद्धत धरली होती. रंग पाटीवर कालवला तर मळतो, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात कालवू द्यावा, असा त्यांचा विचार होता. किती सोशिकपणे एकेक धागा ओढला असेल! मोर्बेल्ली लहानपणीच ऐकू कमी येऊ लागल्यामुळे संगीत सोडून चित्रकलेकडे वळला होता. मिलानमधल्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचीही त्याने पुष्कळ चित्रे काढली, पण त्यांविषयी मी इथे लिहिणार नाही. बाबा, तुम्ही ती मोबाईलवर शोधत बसाल आणि मग मला उगीच दोन दिवस फोन कराल.

कार्ड हातात पडताच आई म्हणेल, "ही लावणी." मलाही आधी तसेच वाटले. पण लावणी करणारी बाई मागे मागे सरकते, रोप तिच्या समोर उभे राहत जाते, हे तुझ्याकडे बघूनच मला ठाऊक आहे. या बायका पुढे चालल्या आहेत. त्या काळी तिथे भात थेट पाण्यात पेरीत, आणि मग रोपांत माजलेले तण काढायला बायका लागत. म्हणजे ही आपली बेणणी, फक्त गुडघाभर पाण्यातली. या बायकांना मोंदिना म्हणतात, मोंदारे म्हणजे साफ करणे, त्यावरून. हंगामाला त्या दुसऱ्या प्रांतांतूनसुद्धा येत, शेतमालकाच्या वाड्यातच निजत आणि चाळीसेक दिवस डास, जळवा आणि हिवताप यांच्यात काढीत. हे चित्र रंगवल्यानंतर अकरा वर्षांनी, १९०६ साली, याच भागातल्या बायकांनी दिवसाचे काम आठ तासांचे असावे म्हणून संप केला. पुढे तणनाशके आली आणि वाकणाऱ्या बायकांची गरजच संपली. गाडीतून मला एवढी खाचरे दिसली, पण त्यांत माणूस एकही दिसला नाही.

मी ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते पुढेच आहे. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिल्यावर माझ्या ध्यानात आले की मला या बायकांच्या पाठीच दिसत आहेत. वाकलेल्या बायकांना मागून कोण बघतो? मुकादम. चित्रकाराने पाहणाऱ्याला नेमके मुकादमाच्या जागी आणून उभे केले आहे, आणि हे कळल्यावर मला तिथे उभे राहवेना.

बांधावर इरले घेऊन धाकट्याला सांभाळत बसलेली मी, समोर तुम्हा बायकांची रांग, आणि त्यांतली तुझी पाठ मी लुगड्याच्या रंगावरून ओळखायची, हे मला आठवले. आणि त्याच्या पाठोपाठ आठवली ती बाबांची लाल पुठ्ठ्याची वही. बाबा, तुमचे अक्षर सुरेख आणि हिशेब चोख. कोणाचा एक पैसा तुम्ही बुडवला नाहीत, उलट लावणी संपली की वर नारळ आणि गूळ दिलात, हे साऱ्या वाडीला माहीत आहे. पण त्या वहीत "लावणी, बायका ६, दिवस दीड" असे लिहिलेले असे. मी बांधावरून मोजीत असे तेव्हा बायका सात भरत. सातवी आई. तिला मजुरी नव्हती, म्हणून ती वहीत नव्हती. तिने त्या सहाजणींच्या आधी चिखलात पाय घातलेला असे आणि त्या घरी गेल्यावर ती चुलीपाशी वाकलेली असे. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. त्या वहीच्या कोऱ्या पानांवर गणिते सोडवून मीच शिकले, आणि मलाही हे इतक्या वर्षांत कधी खटकले नव्हते.

पुढच्या पंधरवड्यात तरवा लावणीला येईल. आई, डॉक्टरांनी वाकायचे नाही असे सांगितलेले आहे, आणि तू "कडेकडेने दोन मुठी लावते" म्हणत खाचरात उतरणार आहेस, हेही मला ठाऊक आहे. यंदा दोन बायका जास्त बोलवा. त्यांच्या मजुरीचे पैसे मी बाबांच्या खात्यात भरले आहेत. त्यातूनही तू उतरलीसच, तर बाबा, वहीत पहिली ओळ तिच्या नावाची घाला, नाव, दिवस आणि मजुरी असे तिन्ही रकाने भरून, आणि ती रक्कम संध्याकाळी इतर बायकांच्या देखत तिच्या हातावर ठेवा. ती हसेल, नको म्हणेल. तरी ठेवा.

कार्ड भिंतीला लावू नका, पावसाळ्यात ओल धरेल. त्या वहीतच ठेवा.

तुमची लेक