आधी शेत बघ, मग स्मारक

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

फ्रान्समधल्या लीलहून नव्ह-शापेलला पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक बघायला जाणार आहेस, तर स्मारकाआधी अर्धा तास शेतांच्या कडेने चाल. गाव पा-द-कॅले जिल्ह्यातलं; हजार-दीड हजार वस्ती, एक चर्च. बाकी सगळी सपाट चिकणमाती. बांधाकडेचे चर नीट बघ. इथे भूजल इतकं वर आहे की १९१४ च्या हिवाळ्यात खंदक गुडघाभर खणला तरी पाणी लागे. म्हणून शिपाई खाली जाण्याऐवजी मातीच्या पोत्यांचे बांध वर रचत. पूर्वेला ओबेरचा उंचवटा आहे. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना तो उंचवटा वाटणारच नाही, पण अशा सपाटीवर काही मीटरही तोफखान्याला पुरतात. सगळी लढाई त्याच्यासाठी.

१० मार्च १९१५ ला सकाळी साडेसातपासून ३५ मिनिटं ब्रिटिशांच्या ३४२ तोफा जर्मनांवर चालल्या. जिथे काटेरी तार तुटली तिथून ब्रिटिश-भारतीय फौज सकाळीच गावात शिरली. उत्तर टोकाला मात्र जड तोफा आदल्या संध्याकाळी पोचल्या होत्या, नेम बसवायला वेळच मिळाला नाही. तिथे तार शाबूत राहिली आणि माणसं तिच्यापुढे पडली. त्यात टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, हुकूम तासन्‌तास उशिरा. तोवर जर्मन कुमक आली. ओबेर काही हाती लागलं नाही.

आपला धागा याच्याही आधीचा आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियरांच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर संगिनी लावून याच गावात घुसवलं. घराघरांतून लढले, पण कुमक न आल्याने मागे फिरावं लागलं. पूल आणि सुरुंगाचं काम शिकलेली माणसं अशी पायदळ म्हणून खर्ची घालणं मला तरी अक्षम्य वाटतं.

स्मारक गावात शोधू नकोस. ते बाहेर ‘ला बोंब’च्या चौकात आहे, आणि हद्द शेजारच्या रिशबूरची. वास्तुविशारद हर्बर्ट बेकरने अशोकस्तंभाच्या धर्तीवर सुमारे १५ मीटरचा स्तंभ उभारला. १९२७ मध्ये उद्घाटन झालं. गोल आवाराच्या एका बाजूला दगडी जाळी, दुसऱ्या बाजूला भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. ती पलटणवार कोरली आहेत, तेव्हा ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ (बॉम्बे सॅपर्सचं त्या वेळचं नाव) हा मथळा शोध. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं नीट उठतात.

बेत्यूनकडे जाणाऱ्या गाडीने ला बासे-व्हिओलेनला उतर. पुढे पाचेक किलोमीटर. सायकल बरोबर घे. पाऊस झालेला असेल तर जाड तळव्याचे बूट घाल, ती माती सोडत नाही.

तुझा,
बाबा