तो शब्द मी परत घेते

नागपूर

चि. बाळास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल संध्याकाळी व्याकरणाची वही मिटताना तू म्हणालास, "आई, मी करून शिकणारा मुलगा आहे, हे वाचून समजून घेणे मला जमणार नाही." त्या वाक्यातला 'करून शिकणारा' हा शब्द तुझा नाही, माझा आहे. पाच वर्षांपूर्वी तुला शाळेतून काढून घरी शिकवायचे ठरले, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नातलगाला मी तेच सांगत असे आणि तू शेजारी बसून ऐकत असायचास. तो शब्द परत घ्यावा म्हणून हे पत्र लिहिते आहे. समोरासमोर बोलायला घेतले तर तू विषय बदलशील, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. पुस्तक उघडले की तुझे डोके दुखायचे, ओळी सुटायच्या, आणि दहा मिनिटांत तू उठून कपाटाचे जुने कुलूप खोलायला बसायचास. 'लक्ष नाही' असा शेरा वहीत महिन्यातून दोनदा तरी येई. त्याच सुमारास शिक्षणतज्ज्ञ नील फ्लेमिंग यांची प्रश्नावली माझ्या वाचनात आली. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून अशा चार रीतींपैकी शिकणाऱ्याला कोणती आवडते, हे ती विचारते. मी तुझ्या वतीने ती भरली आणि उत्तर आले, 'करून'. मला फार हायसे वाटले, कारण माझ्या मुलात काही उणे नाही, उणे आहे ते शिकवण्यात, असे म्हणायला मला आधार मिळाला होता. पुढचे वर्षभर मी प्रत्येक विषय तुझ्या हातात कसा देता येईल, एवढेच पाहत राहिले.

अपूर्णांकांचा तो आठवडा तुला आठवत असेल. घरात संत्र्यांची टोपली होतीच, म्हणून मी फोडी मोजायला दिल्या. एका संत्र्यात दहा निघाल्या, दुसऱ्यात अकरा, आणि त्यातल्या दोन इतक्या बारीक होत्या की त्यांना फोड म्हणावे की नाही यावर तू माझ्याशी वाद घातलास. तुझा वाद बरोबर होता. अपूर्णांकात भाग समान असावे लागतात आणि संत्र्याच्या फोडी समान नसतात. तू बिया मोजल्यास, साले वाळत घातलीस, दुपार आनंदात गेली. पण एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, हे विचारले तेव्हा तू 'चार मोठे' म्हणून चतुर्थांश सांगितलेस. पुढे कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घड्या घालून केल्या, त्यांच्या शेजारी वहीत रेघ ओढून तेच भाग पाडले, आणि मग पट्ट्या बाजूला ठेवून नुसत्या रेघेवर काम केले, तेव्हा ते तुला कळले. हात लागला होता खरा, पण हातातून कागदावर आणि कागदावरून डोक्यात जाण्याची वाट आखून देणे माझ्याकडून राहिले होते.

मग ती दिवाळी आली. तुझे आजोबा तुला पेपर वाचताना बघत होते आणि एकदम म्हणाले, "पोरगा पेपर एवढा लांब धरून का वाचून राहिला?" दुसऱ्या आठवड्यात डोळे तपासले आणि दोन्ही डोळ्यांना प्लस नंबरचा चष्मा लागला. बाळा, तुला जवळची अक्षरे नीट दिसावीत म्हणून सतत डोळ्यांवर ताण द्यावा लागत होता आणि मी त्याला तुझी शिकण्याची शैली समजत होते. हे लिहिताना आजही मला फार वाईट वाटते. चष्म्याने लगेच सगळे सुटले असेही नाही. वर्षभराचे वाचन मागे पडले होते, म्हणून एक परिच्छेद मी आणि एक तू असे मोठ्याने वाचत आपण ते भरून काढले, आणि आता तू माझ्याआधी पुस्तक संपवतोस.

त्यानंतर मी या विषयावर जरा सावधपणे वाचू लागले. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या शैलींवरचे संशोधन तपासले. शैलींची कल्पना खरी असेल, तर मुलांना शैलीप्रमाणे वेगळे करून, काहींना जुळणाऱ्या आणि काहींना न जुळणाऱ्या रीतीने शिकवून, शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घेतल्यावर जुळणाऱ्या रीतीचा फायदा दिसायला हवा. तसा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ सगळ्या मुलांना एकाच साच्यात बसवावे असा मी घेत नाही. तुला आधीपासून काय येते, कोणत्या वेगाने पुढे जाता येते, डोळे-कान कसे आहेत, कोणत्या वेळी तू ताजा असतोस, हे सारे खरोखर तुझे आहे, आणि घरी शिकवण्याचा खरा लाभ हाच, की ते बघून त्याच दिवशी बदल करता येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, म्हणून गणित पहाटे साडेपाचला ओट्यावर आणि दुपारी कूलरसमोर नुसते गोष्टीचे वाचन, हा बदल कोणत्याही प्रश्नावलीने सुचवला नव्हता.

कोणत्या रीतीने शिकायचे हे बहुतेक वेळा विषयच ठरवतो. सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारीला लोकांसाठी उघडला तेव्हा आपण चढून गेलो. तेथे दोन टेकड्या आहेत, आणि लहान टेकडी ज्याच्या हातात गेली तो मोठीवर मारा करू शकतो, हे वर उभे राहिल्याबरोबर तू मला दाखवलेस. १८१७ च्या नोव्हेंबरातली ती लढाई तुला पायांनी समजली. पण नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा, म्हणजे त्यांचे सैन्य आपल्या खर्चाने ठेवण्याचा, तह का केला आणि दीड वर्षात त्याच इंग्रजांशी लढायला का उभे राहिले, हे टेकडीवर कुठेच लिहिलेले नव्हते. ते तू घरी येऊन वाचलेस, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढलेस. मिटलेल्या पुस्तकाचा हा नेम तुला सर्वांत नकोसा वाटतो, तरी मी तो सोडणार नाही. वाचलेले आठवून काढण्याने ते अधिक टिकते, ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आलेली आहे, आणि ती 'करून शिकणाऱ्या'लाही लागू आहे.

आता व्याकरणाकडे येते. पुढच्या वर्षी तू चौदा पूर्ण करशील आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीचा अर्ज भरता येईल. मराठी विषय घ्यायचा तर प्रयोग, म्हणजे वाक्यातले क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, कर्माप्रमाणे की कोणाप्रमाणेच नाही, हे ओळखता यायलाच हवे. काल तू अडलास ते व्याख्येत, कारण मी थेट व्याख्येपासून सुरुवात केली. ती चूक माझी होती. उद्या सहा वाजता कात्री आणि जुन्या कॅलेंडरची पाने घेऊन बस. 'मुलाने पोळी खाल्ली' हे वाक्य आपण कापू आणि 'पोळी'च्या जागी 'आंबा' ठेवून बघू. क्रियापद लगेच 'खाल्ला' होते, मात्र 'मुलाने'च्या जागी 'मुलीने' ठेवले तर ते हलत नाही. म्हणजे क्रियापद कोणाचे ऐकते, हे तुझे तुलाच दिसेल. पहिली चार वाक्ये कापून करू. पुढची सहा कात्रीशिवाय, वहीत, तू एकट्याने करायची आहेत. सातव्या-आठव्या वाक्यात 'मुलाने मांजरीला पकडले' यासारखे एखादे येईल, जे कोणाचेच ऐकत नाही. तेथे अडलास तर मला हाक मार, मी स्वयंपाकघरातच असेन.

तुझी,
आई