चायकोव्हस्कीची पहिली सिम्फनी कधी वाजणार?

संपादक महोदय,

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीवरील आपल्या रविवारच्या लेखात त्याच्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या सिम्फनीचे (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेचे) भरभरून कौतुक आहे. पहिलीची मात्र ‘उमेदवारीच्या काळातली’ म्हणून एका ओळीत बोळवण केली आहे. हे काही पटले नाही.

मी लालबागचा. उभे आयुष्य क्लॅरिनेट फुंकण्यात गेले. वराती, गणपतीच्या मिरवणुका, अधूनमधून स्टुडिओतले काम. या सिम्फनीच्या पहिल्या भागातली दुसरी धून एकटी क्लॅरिनेट सुरू करते. ओळ लांबलचक. श्वास कुठे घ्यायचा हे आधीच ठरवून ठेवावे लागते; दम चुकला की धून तुटलीच. वाजवणाऱ्याची अशी परीक्षा घेणारा माणूस उमेदवार कसला?

१८६६ साली मॉस्कोत नुकतीच मास्तरकी लागलेली असताना २६ वर्षांच्या या पोराने रात्री जागून ही सिम्फनी लिहिली. झोप उडाली, डॉक्टर बोलवावा लागला. सेंट पीटर्सबर्गच्या जुन्या गुरूंनी, अँटन रुबिनस्टाइन आणि झारेंबा यांनी, ती नापसंत केली. (गुरू लोक सगळीकडे सारखेच!) अँटनचा भाऊ निकोलाय याने १८६८ मध्ये मॉस्कोत ती पूर्ण वाजवून घेतली. १८७४ मध्ये तिच्यावर पुन्हा हात फिरला. ती कच्ची असली तरी आपल्या पुढच्या कित्येक रचनांपेक्षा तिच्यात ऐवज जास्त आहे, असे खुद्द चायकोव्हस्कीने पुढे लिहून ठेवले आहे.

शेवटच्या भागात गडगडाट जरा जास्तच आहे आणि मध्येच वर्गातला गृहपाठ डोकावतो, हे मान्य. पण दुसरा भाग ऐकाच. ओबो या फुंकवाद्यावर ती उदास धून किती साधेपणाने येते, आणि अखेरीस तीच हॉर्नवाले छाती फुगवून वाजवतात. शिवाय तिसऱ्या भागाच्या मध्यावर वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने नाचायची तीन मात्रांची चाल आहे. चायकोव्हस्कीच्या बॅले (नृत्यनाटिका) ज्यांना आवडतात, त्यांनी हा वॉल्ट्झ चुकवू नये.

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाचे हंगाम होतात. त्यात एकदा पहिली लावावी, एवढीच विनंती. पाऊण तासाचा तर मामला. तोवर आपल्या मुंबईच्याच झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिककडून वाजवून घेतलेले रेकॉर्डिंग आहेच.

– एक निवृत्त वादक, लालबाग, मुंबई