सूचना : उद्या टायब्रेक, साडेचारला हॉलवर

सर्व सभासदांना,

जॉर्जियातल्या बातुमी इथे चाललेल्या महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आजचा दुसरा डावही बरोबरीत सुटला. त्यामुळे कोनेरू हंपी आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचा निकाल उद्या, सोमवार, २८ जुलै २०२५ रोजी जलद डावांत लागेल. आपल्याकडे सायंकाळी ४.३० ला सुरुवात. हॉल चारपासून उघडा आहे. ऑफिसवाल्यांनी सुटल्यावर थेट यावे, चहा गरमच असेल.

आधी १५ मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक चालीला १० सेकंद वाढीव. तिथेही बरोबरी झाली तर वेळ आणखी कमी होत जाईल, म्हणजे घरी जेवायला उशीर होईल असे आधीच सांगून या.

एक कळकळीची विनंती. पडद्यावरचे प्रक्षेपण फोनपेक्षा थोडे मागे असते. परवा कोणीतरी फोन बघून “गेला घोडा!” असे ओरडले आणि सगळी मजा गेली. फोन खिशात ठेवा. कोण वरचढ आहे हे संगणकाच्या हिशेबाने दाखवणारा पडद्यावरचा इंजिनाचा पट्टाही आपण झाकणार आहोत. चाल आधी स्वतः शोधायची. त्यासाठी घरचा पट आणि सोंगट्या आणल्यात तर बरे, मंडळाच्या एका संचातला काळा उंट अजून सापडलेला नाही.

दिव्या जिंकली तर थेट ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी, होईल. हंपी मात्र दिव्याच्या जन्माआधीच, २००२ मध्ये, ग्रँडमास्टर झाली होती. तेव्हा टाळ्या दोघींनाही.

– कार्यवाह