‘डिस्कवर्ल्ड’ पहिल्या पुस्तकापासूनच का वाचावे?

महोदय,

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी अद्भुतकथांच्या मालिकेतील 41 कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमानेच वाचाव्यात, असा आग्रह अनेक जुने वाचक धरतात. तो मला पटत नाही. 1983 मधील ‘द कलर ऑफ मॅजिक’ ही मुख्यतः त्या काळच्या अद्भुतकथांची टर उडवणारी कादंबरी आहे आणि त्या कथाच ठाऊक नसलेला वाचक पहिल्याच पुस्तकात कंटाळून मालिकेकडे पाठ फिरवण्याची शक्यता दाट असते. त्याऐवजी नवख्याच्या हाती 1989 ची ‘गार्ड्स! गार्ड्स!’ द्यावी, कारण शहराच्या पहारेकऱ्यांची कथा येथूनच सुरू होते.

याच उपमालिकेतील ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये पहारेकऱ्यांचा कप्तान व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो. 50 डॉलरचे बूट वर्षानुवर्षे टिकतात, गरिबाला परवडणारे 10 डॉलरचे बूट मात्र एक-दोन मोसमांतच फाटतात, त्यामुळे तेवढ्याच काळात 100 डॉलर घालवूनही गरिबाचे पाय ओलेच राहतात. दारिद्र्य महाग कसे पडते, हे इतक्या थोडक्यात सांगणारे विनोदी लेखन (आणि विनोदीच कशाला, गंभीरही) विरळाच.

शेवटच्या काही कादंबऱ्यांची वीण सैल आहे, ही तक्रार रास्त आहे. तथापि 2007 मध्ये अल्झायमरचे निदान जाहीर केल्यानंतरही प्रॅचेट लिहीत राहिले, हे ध्यानात घेता ‘त्यांनी आधीच थांबायला हवे होते’ हा काही वाचकांचा शेरा मला अनुदार वाटतो.

– एक वाचक